दिवाडीची मावशी आणि चौदा किल्ल्या

बुधवार, २९ ऑक्टोबर

रात्रीच्या बसने पुण्याहून निघून सकाळी डिचोलीत मामाच्या दारात उतरलो. यंदा दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटला नव्हता. अंगणातला आकाशकंदील भिजून एका बाजूला कलला होता. आईला दोन दिवस विश्रांती घे म्हटलं, तर ती आल्या आल्या फराळाचे डबे भरायला बसली. नेवऱ्या वेगळ्या, चकल्या वेगळ्या, आणि एका पिशवीत गोव्याचे तांबडे फोव, म्हणजे पोहे. "तिला आमचे गुळातले फोव आवडतात. दिवाळीला वॉर्डात डबा उघडला की पहिली मूठ तिची."

ती म्हणजे दिवाडी बेटावरची मावशी. नात्याने आमची कोणी नाही. आई आणि ती सरकारी इस्पितळात बावीस वर्षं नर्स होत्या, आणि त्यातली बरीचशी रात्रपाळी दोघींनी बरोबर काढली. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, मावशी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे पुण्याला आली, आणि मग भेट फोनवरच राहिली. यंदा आई म्हणाली, "मला दिवाडीला चार दिवस राहायचंय. दुसरं काही दाखवू नकोस."

गुरुवार, ३० ऑक्टोबर

मामाची गाडी घेऊन निघालो. नार्वे डिचोली तालुक्यातच, त्यामुळे आधी सप्तकोटेश्वर. मूळ देऊळ दिवाडीवरचं, कदंब राजांचं कुलदैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आणलं, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ बांधवून घेतलं. दारावर त्याचा शिलालेख आहे. लहानपणापासून ही गोष्ट मी ऐकत आले. पण देव ज्या बेटावरून आला त्या बेटावर मुक्कामाला जायची वेळ पहिल्यांदाच आली. आईने देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, "तुझ्या जुन्या गावाला जाते रे."

नार्व्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. पायी माणसाला तिकीट नाही. आम्ही गाडी चढवली आणि पाच-सात मिनिटांत पलीकडे. उतरलं की दोन्ही बाजूंना खाजनाची शेतं. भात पिकून आडवं झालेलं, काही ठिकाणी पाण्यात. बांधावर एक म्हातारा लोंब्या हातात घेऊन बघत उभा होता. भरतीचं खारं पाणी अडवायला बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार असते, वरून पडणाऱ्या पावसाला अडवणारं काही नाही.

मावशी बाल्कांवच्या पायरीवर बसून होती. बाल्कांव म्हणजे गोव्याच्या जुन्या घराचा दर्शनी सोपा, दोन्ही बाजूंना बसायला पक्के कट्टे. आईला बघून ती उठली, दोन्ही हातांनी तिचे दंड धरले. "आयली गो? इतलीं वर्सां खंय आशिल्ली?" मग दोघी काहीच बोलल्या नाहीत. मावशीची सून आतून पाणी घेऊन आली ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

जेवणात आईसाठी नारळाच्या रसातलं तोणाक, माझ्यासाठी माशाची कडी. जेवून उठलो तर मावशीने खुंटीवरून किल्ल्यांचा जुडगा काढला. इतका मोठा जुडगा मी देवळाच्या पुजाऱ्याकडेही पाहिला नव्हता. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाची लोकर: लाल, पोपटी, दोन रंगांची वेणी, एकीला नुसती पांढरी गाठ. कुठेही नाव नाही, नंबर नाही. मधोमध सायबिणीचं छोटं पदक, घासून घासून गुळगुळीत झालेलं.

"ही चौदा घरं," ती म्हणाली. चाळीसेक घरांचा वाडा, त्यातली चौदा बंद. कोणी इंग्लंडला, कोणी कॅनडात, कोणी आखातात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि तो पासपोर्ट हातात पडला की पुढे इंग्लंड गाठता यायचं. विकावं म्हटलं तरी घर सहज विकता येत नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा अजून चालते, मुलगा-मुलगी सगळ्यांचा वाटा असतो, आणि तीन पिढ्यांत एका घराला अकरा मालक होतात. अकरा सह्या एका जागी येत नाहीत. म्हणून कुलूप. आणि किल्ली मावशीकडे.

दर गुरुवारी ती पाच घरं उघडते. खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचा, कौल सरकलंय का ते बघायचं, देवापुढे दिवा लावायचा. मी तिच्याबरोबर गेले. पोपटी लोकरीचं घर पहिलं. शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी तिने ढकलली तसा दुधी उजेड जमिनीवर सांडला. सोफ्यांवर पांढऱ्या चादरी, भिंतीवर २०१९ चं कॅलेंडर, डिसेंबरच्या पानावर थांबलेलं. मावशीने सरळ ओरातोरकडे जाऊन, म्हणजे घरातल्या देवघराकडे, पदराला बांधावा तसा कमरेला खोचलेला फडका काढला आणि क्रुसाची धूळ पुसली. मग कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "ते मी काढत नाही. ज्याने लावलं त्याने येऊन काढावं."

या घरात आज सायबीण येणार होती.

हे मराठी वाचकांना सांगायला हवं. सायबीण म्हणजे मारियामाता. तिची एक मूर्ती वाड्यात घरोघर फिरते, प्रत्येक घरी एक रात्र मुक्काम. संध्याकाळी सगळा वाडा मेणबत्त्या घेऊन, गाणी म्हणत तिला एका घरातून दुसऱ्या घरी नेतो. तिथे तेर्स होतो, म्हणजे रोजारीची जपमाळ. बंद घरं आली की पूर्वी मूर्ती ते दार ओलांडून पुढे जायची. सहा वर्षांपूर्वी मावशीने पाद्रींना विचारलं: घरच्यांनी काय पाप केलंय? घर मी उघडते, दिवा मी लावते. पाद्री म्हणाले, पण रात्री मूर्ती रिकाम्या घरात एकटी? मावशीने सांगितलं की मी तिथे झोपेन. तेव्हापासून वर्षातल्या चौदा रात्री ती दुसऱ्यांच्या बंद घरांत झोपते.

साडेसातला मिरवणूक आली. पुढे काचेच्या लाकडी पेटीतली छोटी मूर्ती, निळा अंगरखा, पायाशी अबोलीचा गजरा. ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांनी व्हायोलिन खांद्याला लावलं. मावशीने फोन चालू करून ओरातोरच्या कडेला उभा केला. इंग्लंडमध्ये दुपारचे दोन. घरची मुलगी तिथल्या गोदामाच्या कॅन्टीनमध्ये बसली होती, डोक्याला जाळी, अंगावर पिवळं जाकीट. "नमान मारिये, कुर्पेन भरलेले..." इकडे म्हणत, तिकडे तिचे ओठ हलत. जपमाळेच्या तिसऱ्या दशकाला तिची सुट्टी संपली. तिने क्रूस केला आणि फोन टेबलावर तसाच चालू ठेवून कामाला गेली. पडद्यावर नुसतं छत आणि ट्यूबलाइट. कोणी फोन बंद केला नाही.

आई माझ्याशेजारी मोड्यावर बसली होती. हळूच म्हणाली, "नमन, कृपा... सगळे आपलेच शब्द की." खरंच आहे. १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ मध्ये साष्टीतल्या राचोलला छापलं गेलं. मराठीत येशूची कथा ओवीतून सांगितली गेली त्याला चारशे वर्षं होऊन गेली. आपल्याकडे शाळेत ते एका ओळीत संपतं. त्या रात्री त्या सोप्यावर बसून मला ते पहिल्यांदा कानाने कळलं.

नंतर उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे कागदाच्या पुडीत वाटले. नऊपर्यंत सगळे पांगले. आम्ही तिघी चादरी अंथरून सायबिणीसमोर आडव्या झालो. मावशी म्हणाली, "सायबिणीक एकटी कशी दवरपाची?" आणि आई हसून म्हणाली, "आपली रात्रपाळीच आहे ही."

अंधारात मावशीने नवऱ्याचं सांगितलं. आईला माहीत होतं, मला नव्हतं. तो तारवटी, जहाजावर आचारी. वर्षातले नऊ महिने समुद्रावर, त्यामुळे तीन मुलं तिने एकटीने वाढवली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली नव्हती तोच एका रात्री छातीत कळ आली. धक्क्यावर नेला तर पूर्ण ओहोटी, फेरी पलीकडच्या काठाला. मावशी अर्धा तास त्याची छाती दाबत राहिली, स्वतःच्या तोंडाने मोजत. फेरी आली तेव्हा तिला कळलेलं होतं. "फेरीवाल्यांचा दोष नव्हता. ते पोरगे रडत होते," एवढंच ती म्हणाली. त्यानंतरच्या नाताळात तिने दोदोलचं पहिलं ताट फेरीवर पाठवलं आणि ते अजून पाठवते. शिवाय रविवारच्या मिसेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, कपेलाच्या (छोट्या प्रार्थनाघराच्या) ओट्यावर तांदळाच्या पोत्यावर वाड्यातल्या बायकांना छाती कशी दाबायची ते शिकवायला लागली. आतापर्यंत वाड्यातल्या प्रत्येक घरातली एक तरी बाई शिकली आहे.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. रविवारी दोन नोव्हेंबर, मृतांच्या स्मरणाचा दिवस, त्यासाठी मेणबत्त्या आणि फुलं हवी होती. या वेळी जुन्या गोव्याच्या बाजूची फेरी घेतली. बासिलिका बाहेरूनच पाहिली, आईला पायऱ्या नको होत्या. तीन डिसेंबरच्या फेस्ताआधी, म्हणजे सणाआधी, नऊ दिवस नोवेना, म्हणजे रोजची प्रार्थना असते, त्यातल्या एका पहाटे मावशी फेरी उतरून चालत येते. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, हे तिने असं सांगितलं की जणू तिच्या वॉर्डातला पेशंट.

बाजारात मावशी बघण्यासारखी. मेणबत्त्यांच्या ढिगातून एकेक उचलून नखाने खालचा भाग खरवडून बघायची. हलक्या मेणाची असेल तर भुसभुशीत सुटते. "वाऱ्यात पाच मिनिटं टिकत नाही. आणि तिकडून फोनवर बघणाऱ्याला वाटतं, माझ्या आईची मेणबत्ती विझली." बारा डझन घेतल्या. आईने अबोली आणि मयड्याची केळी घेतली.

मग दोघी मिलाग्रिसच्या इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये गेल्या. इथे आईच पुढे होती. आमच्या डिचोली तालुक्यात शिरगावच्या लईराई देवीला मानतात, आणि आईचे वडील तिचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, जत्रेला अग्निदिव्यातून चालायचे. लईराईच्या बहिणींपैकी मिराबाई म्हणजे हीच म्हापशाची मिलाग्रिस सायबीण, असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात. फेस्ताला शिरगावहून तेल येतं, आणि लईराईच्या जत्रेला इथून मोगरा जातो. आईने तेलाची बाटली आणली होती. तेल वाहिलं, आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मावशी मागे बाकावर गुडघे टेकून. दोघींनी काय मागितलं ते मी विचारलं नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. आईचा उपवास मावशीच्या ध्यानात होता. सकाळी सर्व संतांच्या सणाच्या मिसेला जायच्या आधी तिने कणगां, म्हणजे रताळी उकडून, गूळ-खोबरं घालून झाकून ठेवली होती. भांडंही वेगळं. "मासळीचं नाही हो, नवीन आहे," असं सुनेने आईला तीनदा सांगितलं.

नाश्त्यानंतर सून मोकळेपणाने बोलली. मावशीचा थोरला स्विंडनला आहे, नऊ वर्षं झाली. मधली मुलगी मडगावला शिक्षिका, धाकटी मादर झाली, कर्नाटकातल्या एका मठात असते. सुनेची आणि नऊ वर्षांच्या नातीची इंग्लंडची कागदपत्रं आता आली आहेत. जानेवारीत जायचं. मुलगा आईलाही चल म्हणतो. "मांय काही बोलत नाही," सून म्हणाली. तिचे डोळे भरले होते. वाईट सून नव्हे ती. नऊ वर्षं नवरा फोनवर आहे, तिने आणखी किती थांबायचं? सासूने उभं आयुष्य तसं काढलं म्हणून सुनेनेही काढावं, असं मावशी स्वतःही म्हणत नाही. तिने सुनेची बॅग आधीच माळ्यावरून काढून उन्हात ठेवली आहे.

दुपारी आम्ही टेकडीवर गेलो. पिएदादची इगर्ज बेटाच्या माथ्यावर, तिथून नदीपलीकडे जुन्या गोव्याचे सगळे मनोरे दिसतात. इगर्जेला लागून सिमितेर, म्हणजे दफनभूमी, आणि तिथल्या कपेलाचं छत कदंबकाळच्या देवळाचं उरलेलं आहे. दगडावर अजून जुनं कोरीवकाम दिसतं. आई त्या छताखाली मान वर करून उभी राहिली. देवळं पाडली गेली हे तिलाही माहीत, मावशीलाही माहीत. मावशीने जवळ येऊन एका दगडावर तळवा ठेवला आणि म्हणाली, "हें तुमचें." आई म्हणाली, "आणि आता तुझी माणसं याच्या सावलीला आहेत." एवढ्यावर थांबून दोघी खुरपं घेऊन बाहेर गेल्या.

मावशीकडे एक शाळकरी वही आहे. वरच्या बाजूला लोकरीचा रंग, खाली त्या घरच्या मेलेल्यांची नावं. कोणाची कबर, कोणाची हाडं काही वर्षांनी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेली, सगळं लिहिलेलं. आम्ही चौघींनी मिळून गवत काढलं. पावसाने वाढलेलं, मुळं घट्ट. मावशी गुडघ्याखाली पोतं घेऊन बसली होती, एकेका नावाशी बोलत: तुझ्या मुलाला नोकरी लागली, तुझी नात बोलायला लागली, तुझ्या घराचं कौल बदललं. नवऱ्याच्या कबरीशी पोचल्यावर ती काही बोलली नाही. तिथलं गवत आईने काढलं.

रविवार, २ नोव्हेंबर

सकाळी मीस, मग सगळे सिमितेरात. पाद्रींनी पवित्र पाणी शिंपडत फेरी मारली. प्रत्येक कबरीवर झेंडू आणि उजळलेली मेणबत्ती. वारा होता, पण म्हापशाच्या मेणबत्त्या टिकल्या. फोन धरायचं काम माझ्याकडे. वहीप्रमाणे एकेका घराला व्हिडिओ लावायचा. कुठे पहाट, कुठे मध्यरात्र. एक म्हातारा टोरांटोहून, अंगावर रजई, बायकोच्या कोनाड्याकडे बघत म्हणाला, "जरा जवळ ने गो बाय." मी फोन इतका जवळ नेला की पडद्यावर फक्त ज्योत उरली असेल. तो तसाच बघत राहिला. मग म्हणाला, "देव बरें करूं." मला पुढचं घर लावायला थोडा वेळ लागला.

परतताना मी मावशीला विचारलंच, जाणार का इंग्लंडला? ती म्हणाली, "एप्रिलात जाऊन येईन. नातीची शाळा बघते, पोराच्या हातचं जेवते. पुरुमेंताच्या आधी परत." पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी, खारी मासळी, कोकम, मिरची भरून ठेवायचे दिवस. आणि किल्ल्या? तिने वाड्यातल्या दोन बायकांची नावं घेतली. एक पोदेराची, म्हणजे पाववाल्याची बायको, दुसरी अजून कॉलेजात आहे. दोघी गेल्या दोन गुरुवारांपासून तिच्याबरोबर जातात. कोणता रंग कोणाचा ते त्यांनी पाठ केलंय, पण कॉलेजवाली सगळं मोबाइलवर लिहून घेते. मला वाटतं तेही बरंच आहे.

संध्याकाळी मामाकडे तुळशीचं लग्न, गोव्यात या दिवसाला व्हडली दिवाळी म्हणतात. मावशीने आम्हाला मोकळ्या हातांनी पाठवलं नाही. तिच्या परसातला ऊस, आवळ्याची फांदी आणि हिरव्या चिंचा, सगळं सुतळीने बांधलेलं. "तुळशीक लागता न्हय?" आईने तिला फोवाचा डबा दिला होता, तोच धुऊन, आत बेबिंकाचे चार तुकडे घालून परत आला.

नार्व्याच्या फेरीपर्यंत ती गाडीतून आमच्याबरोबर आली. धक्क्यावर फेरीवाल्या पोराने तिला बघून हात वर केला. दोघी मैत्रिणींनी एकमेकींच्या गालांवर हात ठेवले. आई म्हणाली, पुढच्या ऑक्टोबरात परत येईन, सायबिणीकडे रात्रपाळीला. मावशी म्हणाली, "पोपटी घर तुझ्यासाठी ठेवते."

आम्ही गाडी चढवली, साखळी लागली. मी मागे बघितलं तर मावशी धक्क्यावर उभी नव्हती. चढावरून लगबगीने चालली होती, हातातला जुडगा मांडीवर वाजत. लाल लोकरीच्या घरची माणसं नाताळापर्यंत राहायला रात्रीच्या विमानाने येणार होती, आणि तिला त्याआधी पंप सुरू करून बघायचा होता.